एक कोठार, अनेक खिडक्या : चिकित्सालयातील डेटाबेस आणि स्वतंत्र सर्व्हर

संजीवनी वटीत भल्लातक असतो, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. विडंग, शुंठी, पिप्पली, त्रिफळा, वचा, गुडूची, भल्लातक आणि वत्सनाभ ही यादी आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेली आहे. असे असूनही २०१७ साली आमच्या शिरोळच्या चिकित्सालयातून, बिब्बा न सोसणाऱ्या एका रुग्णेस संजीवनी वटी दिली गेली. दोन दिवसांत तिच्या हातांवर व चेहऱ्यावर कंडू, शोथ आणि बारीक पिडका आल्या. औषध तत्काळ बंद केले, योग्य ते उपचार केले आणि आठवड्याभरात ती बरी झाली. मात्र तिने शांतपणे विचारलेला एक प्रश्न आमच्या मनातून आजही गेलेला नाही. "डॉक्टर, मी सांगितलं हुतं की तुमास्नी?"

तिने खरोखरच सांगितले होते. "बिब्बा वर्ज्य" अशी नोंदही आम्ही स्वहस्ते केली होती. ती नोंद तपासणीच्या खोलीतील संगणकात मंगळवारी झाली. शुक्रवारी आम्ही परगावी होतो आणि सहकारी वैद्य काउंटरवरील दुसऱ्या संगणकावर रुग्णांचे कागद पाहत होते. दोन्ही संगणकांत मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची एकच फाईल होती, म्हणजे एकाच फाईलच्या दोन नकला होत्या. दर रविवारी पेनड्राइव्हने एकीवरून दुसरी अद्ययावत करण्याचा आमचा परिपाठ होता. त्यामुळे शुक्रवारी काउंटरवर जी नक्कल उघडली गेली ती मागील रविवारची होती. सहकाऱ्यांचा यात यत्किंचितही दोष नव्हता. दोष आमच्या व्यवस्थेचा होता आणि ती व्यवस्था आम्हीच लावली होती.

वैद्यबंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांकडे आजही हीच स्थिती असल्याचे आम्ही पाहतो. एक संगणक वैद्यांपुढे, एक फार्मसीत, क्वचित एक घरी; आणि तिन्हींकडे थोडी थोडी वेगळी माहिती. म्हणून या विषयावर आम्ही आमच्या अल्प अनुभवाच्या आधारे चार शब्द लिहीत आहोत. आम्ही संगणकतज्ज्ञ नाही, हे प्रारंभीच नमूद करतो. पुढे जे येईल ते चुकत-माकत शिकलेले आहे.

सामायिक फाईलचा मार्ग आणि त्याचा शेवट

त्या प्रसंगानंतर आम्ही प्रथम सोपा उपाय केला. दोन नकलांऐवजी एकच फाईल तपासणीच्या खोलीतील संगणकात ठेवली आणि काउंटरवरील संगणकाने नेटवर्कवरून तीच उघडावी, अशी योजना केली. काही महिने हे सुरळीत चालले. मग एके दिवशी सायंकाळच्या गर्दीत वीज गेली. काउंटरवरील संगणक आणि राउटर एकदम बंद पडले. पुन्हा सुरू केल्यावर ॲक्सेसने फाईल ओळखण्यासच नकार दिला. 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' ही ॲक्सेसमधील दुरुस्तीची सोय वापरून बहुतेक माहिती परत आली, पण त्या दिवसाच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

असे का व्हावे? ॲक्सेस हा कार्यक्रम १९९२ साली बाजारात आला. त्यात दोन निरनिराळी अंगे एकत्र नांदतात. एक अंग आपल्याला दिसणाऱ्या फॉर्मचे, अहवालांचे आणि बिलाच्या छपाईचे. दुसरे अंग माहिती जेथे प्रत्यक्ष साठते त्या टेबलांचे. फाईल सामायिक ठेवली म्हणजे प्रत्येक संगणक नेटवर्कवरून थेट त्या फाईलमध्येच हात घालतो. फार्मसीच्या भाषेत सांगायचे तर कोठीला भांडारपाल नाही. ज्याला जे हवे त्याने आत जावे, डबा उघडावा, घ्यावे, ठेवावे. एखादा डबा उघडा असतानाच दिवे गेले तर काय होईल, ते सांगणे नको. शिवाय ॲक्सेसच्या एका फाईलला २ गिगाबाइटची मर्यादा आहे. रुग्णांची छायाचित्रे किंवा तपासणीचे अहवाल त्यातच साठवू लागल्यास ती मर्यादा वाटते तितकी दूर राहत नाही.

सर्व्हरची पद्धत याहून वेगळी आहे. तेथे कोठीच्या दारात भांडारपाल बसतो. कोणीही आत जात नाही; खिडकीतून चिठ्ठी द्यायची आणि उत्तर घ्यायचे. चिठ्ठी देणाऱ्याची वीज गेली तर त्याची चिठ्ठी अर्धवट राहील, कोठारातील डब्यांना काही होणार नाही. आणखी एक लाभ असा की, बिल करणे आणि साठ्यातून औषध वजा करणे या दोन क्रिया मिळून एकच व्यवहार आहे, असे भांडारपालास बजावता येते. दोन्ही पूर्ण होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. बिल झाले पण साठा कमी झाला नाही, हा फार्मसीचालकांच्या नित्य परिचयाचा घोळ त्यामुळे मुळातूनच टळतो.

यात सुखाची गोष्ट ही की, ॲक्सेस टाकून देण्याची गरज नसते. वर्षानुवर्षे घडवलेले फॉर्म, केसपेपरचा आराखडा, बिलाचा नमुना हे सारे तसेच राहते. फक्त टेबले उचलून सर्व्हरवर न्यायची आणि ॲक्सेसची त्यांच्याशी जोडणी करायची. ही जोडणी ओडीबीसी नावाच्या सामायिक बोलीतून होते. तीही १९९२ च्याच सुमाराची. निरनिराळ्या डेटाबेसच्या निरनिराळ्या तऱ्हा असतात, आणि प्रत्येकाचा 'ड्रायव्हर' हा दुभाष्याचे काम करतो.

वारणेकाठचा एक दाखला

कोठार आणि खिडकी वेगळी ठेवण्याचे महत्त्व आपल्याच परिसरातील एका प्रयोगात फार चांगले दिसते. १९९८ साली वारणानगर येथे सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात होती. आपल्या उसाची माहिती शेतकऱ्याला गावातच संगणकावर मिळावी, त्यासाठी कारखान्यापर्यंत हेलपाटा पडू नये, हा त्यामागील एक प्रमुख हेतू. पुढे गावोगावचे ते संगणक सांभाळणे कठीण होत गेले. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला : संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस. २००७ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. संगणकावर होणारी सर्व कामे मोबाईलवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही तीच पद्धत अधिक भावली.

उसाच्या नोंदींचे कोठार कारखान्याकडे होते, म्हणूनच गावातील खिडकी बदलता आली. नोंदी प्रत्येक गावच्या संगणकातच अडकलेल्या असत्या, तर संगणकाबरोबर त्याही गेल्या असत्या. आमच्या चिकित्सालयात आज ॲक्सेस आहे. उद्या त्याचा खर्च परवडला नाही तर लिबरऑफिसमधील 'बेस' हा विनामूल्य कार्यक्रम त्याच सर्व्हरला जोडता येईल. फॉर्म नव्याने करावे लागतील हे खरे, पण नोंदी जागच्या हलणार नाहीत. (बेसलाही स्वतःच्या पोटात माहिती साठवता येते आणि ती एकाच फाईलमध्ये बसते. तो मोह टाळावा. पुन्हा तोच जुना रोग.)

प्रत्यक्ष जोडणी

२०२० साली आम्ही हे काम हाती घेतले. सर्व्हरसाठी मारियाडीबी निवडला. पूर्वीचा मायएसक्यूएल हा स्वीडनमधील कंपनीचा. ती कंपनी २००८ मध्ये सनकडे आणि सनमार्फत २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये त्याची वेगळी शाखा काढली आणि तिला आपल्या धाकट्या कन्येचे, मारियाचे, नाव दिले. मायएसक्यूएलमधील 'माय' हे थोरल्या कन्येचे नाव. डेटाबेस विनामूल्य आहे. घरातील एक जुना संगणक त्यासाठी पुरला. पोस्टग्रेसक्यूएल निवडला असता तरी चालले असते. आम्हाला मदत करणाऱ्या तरुणाला मारियाडीबी ठाऊक होता, एवढेच कारण.

पहिला अडथळा दुभाष्याचा. आमची विंडोज ६४ बिटची आणि ऑफिस मात्र ३२ बिटचे. आम्ही ६४ बिटचा ड्रायव्हर बसवला आणि दोन दिवस ॲक्सेसला तो दिसेना. ड्रायव्हर ऑफिसशी जुळणारा हवा, विंडोजशी नव्हे. त्यात गंमत अशी की, ३२ बिटची ओडीबीसी व्यवस्था 'सिसवाऊ६४' या फोल्डरात असते आणि ६४ बिटची 'सिस्टिम३२' मध्ये. हा पाठभेद नव्हे, मूळ पाठच असा आहे.

दुसरा अडथळा सर्व्हरच्या दाराचा. अनेकदा मारियाडीबी प्रथम बसवल्यावर केवळ स्वतःच्याच संगणकाचे ऐकतो. बाहेरून आलेली हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच्या मांडणीतील 'बाइंड ॲड्रेस' बदलून त्याला चिकित्सालयातील नेटवर्कचे ऐकावयास लावावे लागते, फायरवॉलमध्ये ३३०६ क्रमांकाचे पोर्ट उघडावे लागते आणि कोणत्या संगणकावरून कोणी यावे याची परवानगी नावनिशीवार द्यावी लागते. हे पोर्ट फक्त घरच्या नेटवर्कपुरते उघडावे. इंटरनेटकडे ते उघडे ठेवणे म्हणजे फार्मसीचे मागचे दार रात्रभर सताड ठेवणे. सर्व्हरचा नेटवर्कवरील पत्ताही राउटरमध्ये कायमचा बांधून घ्यावा. अन्यथा राउटर बंद-चालू झाल्यावर तो बदलू शकतो आणि सकाळी ओपीडीच्या वेळी कोठार हरवते.

तिसरी गोष्ट लहान दिसते, पण सर्वांत घातक आहे. बाहेरील टेबल ॲक्सेसमध्ये आणताना 'इम्पोर्ट' आणि 'लिंक' असे दोन पर्याय समोर येतात. इम्पोर्ट केले तर टेबलाची नक्कल येते, आणि आपण पुन्हा त्या शुक्रवारच्या ठिकाणी जाऊन पोहोचतो. लिंकच निवडावी.

जोडणीनंतर काही उपद्रव झाले ते येथे नोंदवतो, म्हणजे इतरांचे दिवस वाचतील. ज्या टेबलाला प्राथमिक किल्ली, म्हणजे प्रत्येक नोंदीचा एकमेव क्रमांक, नाही ते ॲक्सेसमध्ये केवळ वाचता येते, लिहिता येत नाही. क्रमांकासाठी आम्ही प्रथम 'बिगइंट' हा मोठ्या संख्यांचा प्रकार वापरला होता; आमच्या जुन्या ॲक्सेसला तो कळेना आणि प्रत्येक रकान्यात 'डिलीटेड' असा शब्द उमटू लागला. ते पाहून क्षणभर छातीत धस्स झाले. माहिती सुरक्षित होती. साधा पूर्णांक प्रकार वापरताच ती दिसू लागली. नोंद बदलताना "दुसऱ्या कोणीतरी ही नोंद बदलली आहे" अशी खोटी तक्रार येई, ती प्रत्येक टेबलात 'टाइमस्टॅम्प'चा एक रकाना घातल्यावर थांबली. 'होय/नाही' प्रकारातील 'होय'साठी ॲक्सेस उणे १ लिहितो आणि सर्व्हरवर बहुधा अधिक १ असतो; म्हणून शोध घेताना "शून्य नाही" असे विचारावे. आणि पूर्वी नवा केसपेपर लिहिण्यास आरंभ करताच क्रमांक दिसत असे. आता तो नोंद साठवल्यानंतर सर्व्हर देतो. पहिल्या दिवशी आमच्या काउंटरवरून क्रमांकाविना बरेच केसपेपर छापले गेले, आणि ते हाताने भरण्यात आमची सायंकाळ गेली.

मराठीविषयी स्वतंत्रपणे सांगावे लागेल. टेबले 'यूटीएफ८एमबी४' या लेखनसंचात करावीत आणि ड्रायव्हरही युनिकोडचाच घ्यावा. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्ये 'ॲन्सी' आणि 'युनिकोड' अशा दोन जाती असतात. चाचणीच्या वेळी आम्ही पहिली निवडली, तर सर्व रुग्णांची नावे प्रश्नचिन्हांच्या ओळी झाली.

बिब्बा, भल्लातक आणि घटकांचे टेबल

एवढे झाल्यावर "बिब्बा वर्ज्य" ही नोंद काउंटरवर तत्क्षणी दिसू लागली. पण सत्य सांगायचे तर त्या शुक्रवारी एवढ्यानेही भागले असते का, याची आम्हाला खात्री वाटत नाही. गर्दीच्या वेळी पडद्यावर "बिब्बा" हा शब्द आहे आणि हातात "संजीवनी" हे नाव आहे. त्या दोहोंमधील दुवा वैद्याच्या स्मरणावर सोपवलेला होता.

१९७० साली एडगर कॉड यांनी माहितीची मांडणी परस्परसंबंधित टेबलांत करावी असा सिद्धान्त मांडला, त्याचा उपयोग येथे होतो. आम्ही तीन टेबले केली. पहिल्यात द्रव्ये. दुसऱ्यात त्यांचे पर्याय : भल्लातक, बिब्बा, हरीतकी, अभया, हिरडा, वत्सनाभ, बचनाग, कुपीलु, काजरा, कुचला. निघंटुकारांनी पर्यायांची जी परंपरा घालून दिली तिला टेबलाचे रूप देणे अवघड गेले नाही. तिसऱ्यात कोणत्या कल्पात कोणती द्रव्ये आहेत याची यादी. आता रुग्णाच्या नावे "बिब्बा" लिहिले की ते भल्लातकाशी जोडले जाते. भल्लातक ज्या ज्या कल्पात आहे तो कल्प त्या रुग्णाच्या बिलात घेऊ जाता पडद्यावर तांबडी पट्टी येते, आणि वैद्यांनी कारण लिहिल्याखेरीज बिल पुढे सरकत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील अनुसूची ई(१) मध्ये येणाऱ्या विषारी द्रव्यांनाही आम्ही याच टेबलात वेगळी खूण केली आहे.

हे टेबल भरण्यास आम्हाला पाच महिने लागले. संगणकाचे काम तीन आठवड्यांत संपले होते. ग्रंथोक्त पाठ आणि बाजारातील उत्पादनाच्या वेष्टनावरील घटक यांत अंतर असते, तेव्हा प्रत्येक उत्पादन हाती घेऊन वेष्टन वाचावे लागले. या कामाला जवळची वाट नाही.

साठ्याचेही तसेच. शार्ङ्गधराने चूर्णाची सवीर्यता दोन महिने आणि गुटिका-अवलेहाची वर्षभर सांगितली, तर आसव, धातू आणि रस जुने होतील तसे गुणवान मानले. आजच्या कायद्याने वेष्टनावर छापावयाची मुदत याहून वेगळी आहे. आम्ही प्रत्येक बॅचपुढे वेष्टनावरील मुदत लिहितो आणि चूर्णांसाठी उघडल्याचा दिनांकही. पुढील ९० दिवसांत मुदत संपणाऱ्या बॅचची यादी दर महिन्याच्या १ तारखेस काउंटरवर निघते. ही छाननी सर्व्हरवरच व्हावी, यासाठी ॲक्सेसमध्ये 'पास-थ्रू' प्रकारची क्वेरी करावी; नाहीतर सगळे टेबल नेटवर्कवरून ओढून आणून मग निवड होण्याचा संभव असतो, आणि जुना संगणक तेवढ्यात धापा टाकतो.

रुग्णाच्या गोपनीयतेचा मुद्दा थोडक्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तो केवळ नीतीचा राहिलेला नाही. सर्व्हरवर प्रत्येकाला वेगळे खाते देता येते. आमच्या काउंटरवरील सहायकाला साठा, बिल आणि वर्ज्य द्रव्ये दिसतात. रुग्णाचा वृत्तान्त आणि निदान दिसत नाही. सर्वाधिकार असलेले 'रूट' खाते कोणत्याही खिडकीत वापरू नये, आणि जोडताना 'पासवर्ड साठवा' ही खूणही करू नये, कारण तो ॲक्सेसच्या फाईलमध्ये उघड वाचता येतो.

पाणी

शिरोळ तालुक्यात राहणाऱ्याने सर्व्हर कोठे ठेवावा, हा प्रश्न बाहेरच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांच्या मध्ये आपण राहतो. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला की भाविक स्नानाला जातात आणि आम्ही खालच्या कप्प्यातील बरण्या वर चढवू लागतो. २००५ च्या महापुरात आमचे आरंभीच्या काळातील केसपेपर भिजून लगदा झाले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये संगणक वरच्या मजल्यावर सुखरूप होते, पण वीज नव्हती आणि आम्ही गावाबाहेर होतो. औषधे चालू असलेले रुग्ण निवारा केंद्रात भेटत, त्यांचे कागद वाहून गेलेले, आणि आमच्या हाती स्मरणाखेरीज काही नव्हते.

म्हणून २०२० मध्ये सर्व्हर पहिल्या मजल्यावर यूपीएससह बसवला, आणि रोज रात्री संपूर्ण डेटाबेसची एक प्रत आपोआप निघेल अशी व्यवस्था केली. ती प्रत कुलूपबंद, म्हणजे पासवर्डखेरीज न उघडणारी, करून पेनड्राइव्हवर जयसिंगपूरच्या आमच्या नातलगांकडे आठवड्यातून दोनदा जाते, पावसाळ्यात रोज. ही नक्कल केवळ जपून ठेवण्याची आहे, तिच्यावर कोणी लिहीत नाही. पूर्वीच्या रविवारच्या नकलेत आणि हिच्यात हा भेद आहे. प्रत निघते म्हणून निश्चिंत राहू नये. दर तीन महिन्यांनी ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. आमची दुसरी की तिसरी प्रत रिकामी निघाली होती, पेनड्राइव्ह भरल्यामुळे.

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आले. या वेळी लॅपटॉपवर आधीच मारियाडीबी बसवून ठेवला होता. जयसिंगपूरला प्रत त्यावर उतरवली, ओडीबीसीमध्ये सर्व्हरच्या पत्त्याच्या जागी लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता दिला आणि 'लिंक्ड टेबल मॅनेजर'मधून जोडणी ताजी केली. फॉर्म नेहमीप्रमाणे उघडला. निवारा केंद्रात पहिल्या दिवशी आलेल्यांमध्ये तीच २०१७ ची रुग्णा होती. अजीर्ण आणि छर्दीची तक्रार घेऊन. नाव टाइप करताच वर तांबडी पट्टी आली. तिनेही ती पाहिली आणि काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला सांगितले.

जुन्या नोंदींचे एक काम अद्याप शिल्लक आहे. २०१२ पूर्वीचे केसपेपर आम्ही युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये लिहिले होते. पडद्यावर ते मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती केवळ रोमन अक्षरांची सरमिसळ आहे, त्यामुळे त्यांत "बिब्बा" शोधला तर सापडत नाही. रूपांतर करणारे कार्यक्रम मिळतात, परंतु जोडाक्षरे आणि रफार यांत ते चुकतात. म्हणून दर रविवारी, पूर्वी ज्या वेळी पेनड्राइव्ह घेऊन बसत असू त्याच वेळी, आम्ही मूळ केसपेपर शेजारी ठेवून पंचवीस-तीस नोंदी तपासतो. सध्या २००९ चा श्रावण चालू आहे.